हे राहू दे

९ जानेवारी

घुम्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. फोन वाजून वाजून दमतो. मेल तुझ्यापर्यंत पोचायच्या आधीच कुठल्यातरी कप्प्यात परस्पर जाऊन पडतात. तो नियम तूच लिहिला असणार, आणि त्याला एकही टेस्ट नसणार. म्हणून कागद. कागदाला नियम लावता येत नाही. फार तर टराटरा फाडता येतो, पण तेवढा राग तुला येत नाही. आला असता तर बरं झालं असतं, निदान आवाज तरी ऐकू आला असता.

बातमी अशी की साफसफाई संपली. रुग्णवाहिकांचं आपलं सॉफ्टवेअर आता कुणालाही उघडून दाखवावं असं झालंय. प्रत्येक फंक्शन एका पानात मावतं, प्रत्येक नाव वाचल्यावर अर्थ कळतो, एकही ओळ दोनदा लिहिलेली नाही. कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या हजारावर टेस्ट आहेत आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मी टीमला सांगितलं, घाणेरडा कोड म्हणजे पुढच्या माणसाच्या ताटात टाकलेला खडा. आपल्याला चालतो, कारण दात त्याचा पडतो. तुला हे भाषण पाठ आहे, तेव्हा इथेच थांबते.

सगळ्यात शेवटी तुझी फाइल घेतली. फोन आला की कोणत्या गाडीच्या पडद्यावर घंटा वाजवायची, हे ठरवणारी. अटीच्या पोटात अट, तिच्या पोटात आणखी अट. त्या दिवशी मी ती भिंतीवर मोठी करून दाखवली आणि सगळे हसले, ते कोडला हसले रे. तुला नाही. तू उगाच मनाला लावून घेतलंस आणि टीम सोडून गेलास.

त्या फाइलमध्ये एक दोष इतकी वर्षं बसून होता आणि कुणाला दिसला नाही. गाडी रिकामी, चालक हजर, टाकी भरलेली, तरी काही वेळा ती 'उपलब्ध नाही' म्हणून धरली जायची. कधी? तर कुठलीतरी फेरी 'सात' या खुणेने संपली की त्यानंतर. गंमत म्हणजे पुष्कळदा अडकायची ती राखीव गाडी, नुकती धुतलेली, जिने ती फेरी केलेलीसुद्धा नाही! सात म्हणजे काय, कुठे लिहिलेलं नाही. वर तुझी एकुलती एक ओळ: 'हे राहू दे.'

घुम्या, कारण न सांगता दिलेला हुकूम मी आपल्या बाबांचाही ऐकला नाही. तो थांबा मी काढून टाकला.

शंकासुर मध्ये आलाच. टेस्टर म्हणून नोकरीला ठेवला आणि जन्मभराची शंका विकत घेतली. म्हणाला, "सात म्हणजे काय, ते आधी विचारूया का?"

मी म्हटलं, "कुणाला? घुम्याला? तो बोलणारा असता तर ही वेळ आली असती?"

"मग निदान आत्ता जे होतंय ते एका टेस्टमध्ये पकडून ठेवू. मग काढा."

"चुकीला टेस्ट लिहिणं म्हणजे डासाला मच्छरदाणीत झोपवणं," मी म्हटलं. सगळे खदखदून हसले. शंकासुरही हसला, मान खाली घालून.

उलट मीच एक टेस्ट लिहिली. तिचं नाव 'रिकामी गाडी कधीही थांबणार नाही'. आता कुणी तो दोष परत आणायचा म्हटला तरी लाल दिवा लागेल. शेवटी सगळ्या फाइलींची मांडणी एका फटक्यात एका वळणाची करून घेतली, त्यामुळे आता कुठलीही ओळ कुणी लिहिली असं विचारलं तर माझंच नाव येतं. तुझं नाव खाली कुठेतरी गाडलं गेलं. हे मुद्दाम केलेलं नाही, मांडणीचा तो गुणच आहे.

आई बरी आहे. तुझं विचारते. मी सांगते, कामात आहे.

उत्तर एका ओळीचं चालेल.

ताई


२ मार्च

घुम्या,

एक ओळसुद्धा जड झाली?

ठीक आहे, मी बोलते. ते काम मला येतं. काल रुग्णवाहिका सेवेच्या सभागृहात आपल्या टीमचं कौतुक झालं. वाहतूकप्रमुख साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला, गाड्या पूर्वीपेक्षा लवकर पोचतात. मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, ज्या शहरात कुणीतरी जिन्यावर पडून गाडीची वाट बघतंय, त्या शहरात एक जरी गाडी विनाकारण उभी राहिली तर तो गुन्हा आहे, आणि तो गुन्हा कोडमध्ये दडलेला असेल तर तो लिहिणाऱ्याचा आहे. टाळ्या पडल्या. हे वाक्य बोलताना तू डोळ्यांसमोर होतास, हे कबूल करते. वाक्य तुला लागावं असं मनात होतं की नाही, ते मला विचारू नकोस.

मागच्या रांगेतून एक चालक उभा राहिला. झुपकेदार मिशा, हातात टोपी. म्हणाला, "ताई, पूर्वी मशीन कधीकधी दम घ्यायचं. आता घेत नाही."

मी म्हटलं, "दम घेत नाही म्हणूनच तर ते मशीन आहे!"

पुन्हा टाळ्या. तो आणखी काहीतरी बोलला, पण त्या गोंधळात ऐकू आलं नाही. मग बसला. नवीन काही आलं की कुरकुर करणारे असतातच.

शंकासुर घरी जाताना मला म्हणाला, "त्यांचं शेवटचं वाक्य काय होतं?" मी म्हटलं, आभार मानत असतील.

आईने तुझ्यासाठी निळा स्वेटर उसवून पुन्हा विणायला घेतलाय. मापाला तू नाहीस म्हणून माझ्या पाठीला लावून बघते आणि म्हणते, "याच्यापेक्षा चार बोटं जास्त."

ताई


२१ मार्च

घुम्या,

आज थोडक्यात. सहज एक विचारायचं होतं.

तुझ्या फाइलमधला तो थांबा, सातच्या खुणेनंतरचा, कशासाठी होता? घाई नाही. काही झालेलं नाही. म्हणजे एका चालकाने परवा ऐन कॉलवर गाडी मध्येच उभी केली, पुलाखाली, आणि खाली उतरला. पेशंटपर्यंत दुसरी गाडी लांबून न्यावी लागली. त्याला कामावरून बाजूला केलंय. चौकशी बसेल. आपला काही संबंध नाही, आपल्या सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत.

तोच तो मिशीवाला, म्हणून लक्षात राहिलं.

फोन केलास तर बरं. नाहीतर एका कागदावर एवढंच लिही: सात म्हणजे काय?

ताई


२९ मार्च

घुम्या,

सात म्हणजे काय, मला कळलं. त्यासाठी तुझी गरज नव्हती. नियंत्रण कक्षात एक फोन केला असता तर पहिल्याच बाईने सांगितलं असतं. फोन मी केला नव्हता. ज्या बाईने सगळ्या टीमला शिकवलं की कोडमध्ये उघडा आकडा ठेवू नका, त्याला नाव द्या, तिने तो आकडा नाव न विचारता पुसून टाकला.

पेशंट गाडीतच दगावला की मागे बसलेला मदतनीस पडद्यावर सात दाबतो.

काल त्या चालकाकडे गेले. तिसरा मजला, दारात मुलीची सायकल उलटी करून तो पंक्चर काढत बसला होता. मला बघून उठला नाही. त्याची बायकोच म्हणाली, "आत या," आणि मग त्याला, "अहो, हात तरी पुसा." मी खुर्चीवर बसले आणि, तुला माहितीये मी कशी आहे, बोलायला सुरुवात केली. चौकशीची पद्धत, नियम, आपली बाजू कशी मांडता येईल. तो टायरमध्ये हवा भरत राहिला. माझं सगळं संपल्यावर म्हणाला, "झालं?"

"झालं."

"त्या दिवशी एक पोरगं होतं. पाण्यातून काढलेलं. त्याची आई मागे बसली होती, पोचेपर्यंत त्याला हाका मारत होती. दवाखान्यात पोचलो, सात दाबलं. गाडी धुवायला दिली, राखीव गाडीत पाय ठेवला, तोच घंटा. मी निघालो हो. निघालो नाही असं नाही. पुलाखाली आलो तर ती बाई मागे हाका मारत होती. गाडीत तर ती नव्हतीच. मी इंजिन बंद केलं, उतरलो, आणि मला किल्ली सापडेना. मदतनीस ओरडतोय, 'किल्ली तुमच्या हातात आहे, हातात आहे!' मी हाताकडे बघतोय आणि मला दिसत नाहीये."

मी विचारलं, "आणि पूर्वी?"

"पूर्वी सात दाबलं की आमचा पडदा थोडा वेळ गप्प व्हायचा. कुठल्याही गाडीत बसा, गप्प. नवीन लोक म्हणायचे, मशीनलाही वाईट वाटतं. तेवढ्यात तोंड धुवायचं, एखादा कोपऱ्यात जाऊन रडून घ्यायचा. मग घंटा वाजली की चालायचं."

"ते मशीन नव्हतं."

"माहीत आहे. तुमचे भाऊ आमच्या गाडीत बसायचे ना. पायाशी डबा, मांडीवर कॉम्प्युटर, तोंडातून शब्द नाही. आम्हाला वाटलं, साहेबांनी पाळत ठेवायला पाठवलाय. एकदा असंच सात झालं. मी पायरीवर बसलो होतो. ते येऊन शेजारी बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, 'किती वेळ लागतो?' मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, 'परत स्टेअरिंग धरायला.' एवढंच बोलले बघा. पुढच्या महिन्यापासून पडदा गप्प व्हायला लागला."

घुम्या, मी त्याला विचारलं, त्याने हे कुणाला सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर साहेबांनी ठेवलं असतं? रिकामी गाडी उभी म्हटलं की त्यांच्या पोटात दुखतं."

"मला तरी?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता त्याच्या आवाजात, ते जास्त वाईट. म्हणाला, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतं, ताई."

जिना उतरताना विचारलं, सभागृहात तुम्ही शेवटी काय म्हणालात? तो म्हणाला, "म्हटलं, मशीनचं नाही हो, आमचं सांगतोय."

ताई


११ एप्रिल

घुम्या,

तू उत्तर देणार नाहीस हे आता मी धरूनच चालते. तरी मागायचं ते मागते, कारण पणाला लागलीय ती त्या माणसाची नोकरी, तुझी-माझी अढी नाही.

येत्या आठवड्यात चौकशी आहे. साहेबांचं म्हणणं सरळ आहे: चालकाने कॉल अर्ध्यावर टाकला, सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं. पुरावा म्हणून त्यांनी काय जोडलंय, सांगू? माझी टेस्ट. 'रिकामी गाडी कधीही थांबणार नाही.' तिच्यासमोर हिरवी खूण. माझंच भाषण छापून त्या माणसाच्या गळ्यात बांधलंय.

फाइलच्या जुन्या आवृत्त्यांतून मी खणत खणत मागे गेले. आधी प्रत्येक ओळीपुढे मी, मी, मी. वर्तमानपत्रात स्वतःचाच फोटो पानोपान यावा आणि बातमी कुठे सापडू नये, तसं. मग खाली तुझी फाइल जशीच्या तशी मिळाली. थांबा आहे, तुझी ओळही आहे. कारण मात्र कुठेच नाही, आणि चौकशीतले लोक कारण मागणार. थांबा मुद्दाम ठेवला होता, आणि का, एवढं तू चार ओळींत लिहून पाठव. येऊ नकोस हवं तर.

आईला हे सगळं सांगितलं. माझं पाऊण तास चाललं होतं. ती विणत होती. म्हणाली, "तुझं बोलणं झालं की सांग, मग मी बोलते."

मग बोलली. "तुमचे बाबा गेले त्या दिवशी तू कुठे होतीस आठवतं?"

मी म्हटलं, दवाखान्यातच. डॉक्टरांशी भांडत होते. उशीर का झाला, जबाबदार कोण, मी एकेकाला उभा-आडवा घेत होते.

"हो. सगळा मजला गोळा झाला होता तुझं ऐकायला. मी तुझ्या भावाला शोधत बाहेर आले. तो पायरीवर बसला होता, गाडीच्या चालकाशेजारी. तो चालक कोण कुठला, पण गुडघ्यात डोकं घालून बसला होता बिचारा. बाबा त्याच्या गाडीत गेले ना. एवढ्यात त्याची घंटा वाजली. तो उठला, बाहीने तोंड पुसलं आणि गेला. तुझा भाऊ गाडी वळेपर्यंत बघत राहिला. म्हणाला, 'आई, लगेच?'"

मी तिला विचारलं, हे तू मला कधी सांगितलं का नाहीस.

ती म्हणाली, "तू थांबलीस कधी?"

तेव्हा मी एक गोष्ट दुरुस्त करते. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की सगळे कोडला हसले. खोटं आहे. ती फाइल भिंतीवर लावून मी म्हटलं होतं, "जो माणूस तोंडाने एक सरळ वाक्य बोलू शकत नाही, तो कोडमध्ये कुठून बोलणार?" त्यावर हसले. मला हवं होतं तिथेच हसले.

ताई


३० एप्रिल

घुम्या,

तुझा कागद आला नाही. चौकशी झाली.

मी तयारी करून गेले होते. असं भाषण आयुष्यात केलं नसेल. श्रमाचा इतिहास होता त्यात, यंत्र आणि माणूस होता, शेवटी सगळे मान खाली घालतील असं एक वाक्य होतं. खोलीत शिरले तर चालक भिंतीकडच्या बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी गुडघ्यावर. त्याने मला बघितलं आणि डोळे मिटून घेतले. आता ही बोलणार, असे मिटले. मी कागद पर्समध्ये ठेवला.

अध्यक्षांनी विचारलं, "हा थांबा मुळात होता, असं तुम्ही म्हणता. कारण कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग तो काढणं चूक कसं?"

"कारण मी विचारलं नाही. आमच्या टेस्टरने विचारा म्हटलं होतं, मी त्याला हशात उडवलं. प्रत्येक ओळीपुढे माझं नाव आहे. तेच धरा. कारण यांना विचारा, त्यांना माहीत आहे." आणि बसले. घुम्या, बसल्यावर हाताचं काय करायचं ते मला कळेना.

चालकाने मला सांगितलं होतं तसंच सांगितलं. पाणी, पोरगं, हाका, किल्ली. साहेब म्हणाले, "वाईट वाटतं हे मान्य. पण प्रत्येक वेळी गाडी उभी ठेवायची तर शहर कुणी सांभाळायचं?"

तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी गाडी उभी होतीच की. पुलाखाली."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. त्याला परत कामावर घेतलं. थांबा पुन्हा ठेवायचा, या वेळी लेखी. जिंकलो असं म्हणायचं असेल तर म्हण. मला म्हणवत नाही, कारण बाहेर पडून मी तिथेच गेले जिथे दुसरी गाडी लांबून पोचली होती.

त्या दिवशीच्या पेशंट बाई घरी शिवणकाम करतात. करायच्या. मेंदूत रक्त साकळलं होतं, अशा वेळी थोडक्या उशिराने फार फरक पडतो, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय. मशीनवर अर्धं शिवलेलं लहान मुलीचं झबलं तसंच आहे, सुई खाली टेकलेली. उजवा हात मांडीवर एखाद्या दुसऱ्याच्या हातासारखा ठेवलेला. मी कोण ते सांगितलं आणि क्षमा मागायला लागले. मागताना वाक्यं आपोआप चांगली यायला लागली. त्यांचा नवरा म्हणाला, "बाई, तुमच्या बोलण्याने हात हलणार आहे का?"

मी उठले. बाईंनी डाव्या हाताने मला बसायची खूण केली. मग बसले. काही न बोलता बसून होते. ते फार अवघड असतं, घुम्या. तू कसं करतोस?

सोबत नवीन फाइलची छापील प्रत आहे. माझी ती टेस्ट काढून टाकली. थांबा परत घातला, या वेळी स्वच्छ. सातला नाव दिलंय. फेरी तशी संपली की ती गाडी ठरावीक वेळ बाजूला राहते, एवढा सरळ नियम, चार ओळींत बसला. त्याच्या तीन टेस्ट आहेत, तिन्ही हिरव्या. आणि वर कारण लिहिलंय, चौदा ओळींत. पुन्हा कुणी ताई येऊन ते पुसू नये म्हणून.

आपला नियम तुला ठाऊक आहे, दुसऱ्याने डोळ्याखालून घातल्याशिवाय एक ओळही आत जात नाही. शंकासुर बघायला तयार आहे. मी त्याला थांबवलंय. ही फाइल तू बघावीस.

ताई


१९ मे

घुम्या,

पाकीट मिळालं. माझंच पाकीट उलटं करून, डिंकाने चिकटवून पाठवलंस. आईने ते आधी दोन्ही हातांनी दाबून बघितलं, किती जाड आहे ते. आत माझीच पानं. तिने विचारलं, "काय लिहितो?" मी म्हटलं, तपासून पाठवलंय. ती म्हणाली, "तपासलं ना?" आणि विणायला बसली.

माझ्या चौदा ओळींवर तू पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारलीस. खाली एक ओळ: 'माणूस गेल्यावर सोबतच्यांना थोडं थांबू द्यावं, म्हणून.' मी ती पुन्हा पुन्हा वाचली. एक शब्द जास्त सापडला नाही.

आणि माझ्या त्या स्वच्छ, सरळ चार ओळींभोवती एक गोल. बाजूला दोन वाक्यं: 'गाडी नव्हे. माणसं.'

बराच वेळ कळलं नाही. मग कळलं. अशा फेरीनंतर गाडी धुवायला जाते आणि माणसं राखीव गाडीत बसतात. चालकाने मला तोंडाने सांगितलं होतं, राखीव गाडीत पाय ठेवला तोच घंटा. कुठल्याही गाडीत बसा, पडदा गप्प, हेही सांगितलं होतं. मी ते तुला पत्रात लिहूनसुद्धा पाठवलं. आणि तरी माझ्या नियमाने विसावा कुणाला मिळाला असता? धुतल्या गाडीला. माणसं त्याच दिवसासारखी पुलाखाली गेली असती, आणि माझ्या तिन्ही टेस्ट हिरव्या राहिल्या असत्या. कारण टेस्टनाही मी तेच विचारलं होतं जे मला आधीच पटलेलं होतं.

तुझ्या त्या एकात एक अटी कशासाठी होत्या, ते आता समजलं. तू माणसांच्या मागे जात होतास. कोण कुठल्या गाडीतून उतरलं, कोण कुठे बसलं, कुणाची पाळी बदलली. माणसं सरळ रेषेत चालत नाहीत, म्हणून फाइलही सरळ नव्हती.

काल शंकासुर आणि मी शेजारी बसलो. आधी टेस्ट लिहिली: सातनंतर चालक एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसतो, घंटा वाजता कामा नये. चालवली. लाल दिवा लागला. घुम्या, इतक्या वर्षांत लाल दिवा बघून मला कधी बरं वाटलं नव्हतं. मग तुझ्या जुन्या अटी एकेक करून परत आणल्या, प्रत्येकीला नाव दिलं, प्रत्येकीची टेस्ट लिहिली. संध्याकाळपर्यंत हिरवं झालं. चालकाला बोलावून दाखवलं. त्याला कोड कळत नाही, पण त्याने सात दाबलं, एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसला आणि पडद्याकडे बघत राहिला. पडदा गप्प होता. तो म्हणाला, "हं." माझ्याकडे बघतही नाही तो अजून, आणि ते त्याचं बरोबर आहे.

शंकासुर म्हणाला, "दिसायला ओबडधोबड आहे हो. थोडं सोपं करायचं?"

मी म्हटलं, "तू काय म्हणतोस?"

तो दचकलाच. खुर्ची मागे सरकवून माझं तोंड बघायला लागला. मग बराच विचार करून म्हणाला, "राहू दे."

शिवणकामवाल्या बाईंकडे मी दर आठवड्याला जाते. झबलं अजून मशीनवर आहे. त्या मला ते काढू देत नाहीत.

तुझी पानं चाळून चाळून मी आणखी एखादा शब्द शोधला, मला उद्देशून. पाठीमागे, समासात, घडीत. नाही. तू फाइल तपासलीस, ताईला नाही. तेही बरोबर.

आईने विचारलं, "तो येतो म्हणाला?" मी म्हटलं, नाही. "तू विचारलंस?" तेव्हा सगळी पत्रं आठवून बघितली. लिही, पाठव, फोन कर, तपास. सात म्हणजे काय, हा एक सोडला तर खरा प्रश्न नव्हता, आणि तोही सहज म्हणून. सहज नव्हता तो.

म्हणून आता खरा विचारते, आणि मग गप्प होते. यापुढे माझं पत्र येणार नाही, फोन वाजणार नाही. आपल्यातही काहीतरी वाटेत गेलंय, आणि मी पुढच्या क्षणापासून तुझ्या दारात घंटा वाजवत राहिले. ती बंद करते.

स्वेटर तयार आहे. चार बोटं जास्तच ठेवलाय.

किती वेळ लागतो, घुम्या?

ताई